राहू द्या, दगड मी लावतो

आमच्या दाजींचा देवावर विश्वास आहे, पंचांगावर आहे, उद्या नळाला पाणी येईल यावरसुद्धा आहे, आणि आमच्या संभाजीनगरात राहून या शेवटच्या गोष्टीवर विश्वास ठेवायला फार मोठं काळीज लागतं. विश्वास नाही तो फक्त हँडब्रेकवर. कोणत्याही गाडीच्या, कोणत्याही कंपनीच्या. कालच हार घालून शोरूममधून बाहेर पडलेल्या गाडीच्यासुद्धा. "हँडब्रेक म्हणजे वर्गातला मॉनिटर," असं ते म्हणतात. "गुरुजी हाय तोवर लई कडक. गुरुजी बाहेर पडले की हाच पहिला बाकावर चढून नाचतो." दाजी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे नात्यानं माझे साडू. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही म्हणतो, आणि ते मला साडूभाऊ म्हणतात. उभा जन्म त्यांनी शाळेत भूगोल शिकवला. भूगोलाच्या माणसाला डोंगर दिसावेत, नद्या दिसाव्यात, पठारं दिसावीत. यांना या सगळ्यात एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे उतार.

तुमच्याआमच्यासाठी हे शहर दरवाजांचं आहे. दाजींसाठी ते उतारांचं आहे. मकाई गेटातून बाहेर पडलं की रस्ता खाम नदीकडे कसा झुकतो, पाणचक्कीपाशी कुठल्या झाडाखाली गाडी उभी राहते आणि कुठल्या झाडाखालून ती नदीचा रस्ता धरते, लेण्यांच्या पायथ्याशी कोणत्या बाजूला नाक करायचं, हे सगळं त्यांना तोंडपाठ आहे. बारशाचं बोलावणं आलं तर बाळ कोणावर गेलंय हे विचारायच्या आधी "तुमच्या गल्लीत गाडी कुठं लावायची?" हे विचारतात. एका जवळच्या नातेवाइकांच्या साठीला ते अर्ध्या वाटेतून परत आले होते. कारण विचारलं तर म्हणाले, "माणूस चांगला हाय, पण घर घसरगुंडीवर बांधलंय."

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतो, लिंबू असतं. डोळ्यांना सपाट दिसणारा रस्ता खरोखर सपाट आहे का, हे त्यांना डोळ्यांवर सोडवत नाही. म्हणून ते लिंबू रस्त्यावर ठेवतात, कमरेत वाकतात आणि त्याच्याकडे एकटक बघत राहतात. लिंबू जागचं हललं नाही, तरच गाडी तिथं. आमच्या एका स्नेह्यांनी शहरालगतच्या सातारा परिसरात बंगला बांधला, त्याच्या वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो होतो. दाजींनी फाटकासमोर लिंबू ठेवलं आणि नेहमीप्रमाणे वाकून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटू लागले. ते बिचारे उताराचा अंदाज बांधत होते. पण आतून घरातल्या आजी बाहेर आल्या आणि त्यांनी हे दृश्य पाहिलं. पुढं जे झालं त्याचं वर्णन मी करत नाही. झाडू आला, मीठ-मोहऱ्या आल्या, भटजींनी आणखी एक होम पेटवला आणि जेवणं संध्याकाळवर गेली. एवढ्या गोंधळात दाजी त्या आजींना समजावत होते, "मावशी, माझं ऐका, तुमच्या फाटकाम्होरं लई उतार हाय. दूधवाल्याला सायकल टेकवू देऊ नका."

लिंबानं जी अब्रू घालवली ती दगडानं भरून काढली म्हणायची. दाजींच्या डिकीत स्टेपनीच्या शेजारी काळे, चांगले वजनदार दगड असतात. खुलताबादच्या डोंगरातून निवडून आणलेले. शहरातला दगड त्यांना चालत नाही, तो म्हणे आतून पोकळ निघतो. दसऱ्याला लोक गाडीची पूजा करतात, दाजी आधी दगडांची करतात. धुऊन, पुसून, हळदीकुंकू वाहून. एका दसऱ्याला ते औरंगपुऱ्याकडे गेले आणि निघताना चाकाचा दगड तिथंच विसरले. तासाभरानं घ्यायला परत गेले तर दगडावर झेंडूची फुलं, शेजारी उदबत्ती, आणि दोन बायका हात जोडून उभ्या. "घेऊन यायचा ना मग," मी म्हणालो. "कसा घेऊ? त्यातली एक नवऱ्याची दारू सुटावी म्हणून नवस बोलत होती," दाजी म्हणाले, आणि नवा दगड आणायला दुसऱ्याच दिवशी खुलताबादला गेले.

गाडी लावण्याचा त्यांचा एक शास्त्रोक्त विधी आहे. चढाला लावली तर पुढच्या चाकांचं नाक रस्त्याकडे, उताराला लावली तर फुटपाथाकडे, म्हणजे गाडीला पळायची इच्छा झालीच तर ती फुटपाथाला अडून बसेल. पाय ब्रेकवर दाबून ठेवायचा. मग दुसऱ्या कोणीतरी उतरून चाकाला दगड लावायचा. मग ब्रेक हळू सोडून गाडीला त्या दगडावर टेकू द्यायचं, आणि मग गिअर. चढाला पहिला, उताराला रिव्हर्स. हँडब्रेक सगळ्यात शेवटी, तोही गाडी बनवणाऱ्याचं मन राखायला. स्वतःच्या गाडीचा हँडब्रेक त्यांनी कधी दुरुस्त केला नाही. "चांगला केला तर सवय बिघडंल," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे तो दांडा कटकट आवाज करत छतापर्यंत येतो आणि तरी गाडीला त्याचं कसलंच बंधन वाटत नाही. दगड लावण्याचं काम लग्नानंतर पहिल्या दिवसापासून ताईंकडे, म्हणजे माझ्या मेव्हणीकडे आलं. पैठणी नेसून, नाकात नथ घालून, हातात दगड घेऊन गाडीमागे धावणाऱ्या ताई मी पाहिल्या आहेत. "सात पावलं भटजींनी सांगितली, हे आठवं कुणी सांगितलं नव्हतं," असं त्या म्हणतात. पुढं मुलगी मोठी झाली आणि ते खातं रेणूकडे गेलं. ती शाळेच्या सहलीला गेली तेव्हा बसच्या चाकाला दगड लावून आली होती. ड्रायव्हरनं तक्रार केली. दाजींनी पेढे वाटले.

हे सगळं ऐकून लोक आवाज खाली आणून विचारतात, "त्यांच्या बाबतीत पूर्वी काही वाईट घडलं होतं का हो?" मलाही वर्षानुवर्षं तसंच वाटायचं. एकदा धीर करून विचारलं. दाजी म्हणाले, "काय बी घडलं नाय. आजवर माझी गाडी एक वीतभर बी सरकली नाय." मी म्हणालो, "मग एवढं कशाला?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी भूगोलात नापास झालेला मुलगा आहे. "अहो, का नाय सरकली?"

तोपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं. रेणूच्या लग्नाचं बघायला लागल्यावर मात्र हसू ओसरलं, कारण दाजींनी पत्रिका बाजूला ठेवली आणि मुलांना घाटात न्यायला सुरुवात केली. दौलताबाद सोडून खुलताबादकडे जाताना जो घाट लागतो, तिथं सीताफळांच्या आणि कणसांच्या दुकानांपाशी मुलाला गाडी थांबवायला सांगायची, आणि तो काय करतो ते पाहायचं. पुण्याहून आलेला एक मुलगा स्वतःची गाडी घेऊन आला होता. त्यानं एक बटण दाबलं आणि म्हणाला, "अंकल, ही गाडी स्वतःच थांबते." दाजी म्हणाले, "आन स्वतःच निघाली तर?" ते स्थळ तिथंच संपलं. दुसऱ्यानं सगळं नीट केलं, पण मग गाडीकडे पाठ करून चहा प्यायला. "आज गाडीकडं पाठ केली, उद्या माझ्या पोरीकडं करंल," म्हणून तोही गेला. खरं सांगायचं तर दाजींना मुलगी द्यायचीच नव्हती आणि ते बोलण्यापेक्षा घाट सोपा होता, असं माझं मत आहे. हे मत मी त्यांच्यासमोर कधी मांडलेलं नाही.

मग रेणूनंच सांगितलं की तिचं ठरलंय. इंजिनिअरिंगला बरोबर होता तो मुलगा, खुलताबादचाच, घरची शेती, आणि आता नोकरीला सुरतेत. दिवाळीत सुट्टीवर येणार होता. आदल्या दिवशी ती आमच्याकडे आली आणि मला म्हणाली, "काका, लग्न करीन तर याच्याशीच. पण पप्पांचा नकार घेऊन नाही करणार. त्यांनी नाही म्हटलं तर मी कुणाशीच करणार नाही. तुम्ही फक्त उद्या सोबत या." पोरगी रडत नव्हती, हसतही नव्हती. मला त्या दिवशी पहिल्यांदा दाजींचा आणि त्यांच्या घाटाचा मनापासून राग आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दाजींच्याच गाडीनं निघालो. मुलगा चालवत होता, शेजारी दाजी, मागं ताई, रेणू आणि कसाबसा मी. मुलगा गुणी होता, हे पडेगावाच्या पुढंच कळलं. गाडीही दाजींना 'सर' म्हणत असावी इतक्या अदबीनं तो चालवत होता. घाटात दाजी म्हणाले, "घ्या इथं डावीकडं." त्यानं चढाला गाडी घेतली, नाक बरोबर रस्त्याकडे वळवलं, पाय ब्रेकवर दाबला आणि थांबला. दाजींनी माझ्याकडे वळून भुवया उंचावल्या. मी मनात म्हटलं, झालं, पोरगी सुटली. आम्ही उतरलो. रेणू सीताफळं बघायला पुढं गेली, मी कणीस घेतलं आणि दाजी डिकीतून दगड काढू लागले.

आणि इथंच त्या मुलाचे संस्कार आडवे आले. सासऱ्याच्या वयाचा माणूस दगड उचलतोय आणि आपण सीटवर बसलोय, हे त्याला बघवेना. त्यानं हँडब्रेक छतापर्यंत ओढला आणि उतरून धावत मागं आला. गिअर टाकायचा राहिलाच, कारण दाजींच्या शास्त्रात गिअर दगडानंतर येतो.

"सर, राहू द्या, दगड मी लावतो."

"अहो छे! तुम्ही पाव्हणे. पाव्हण्याला दगड उचलायला लावतो का आम्ही?"

"सर, तुम्ही वाकायचं आणि मी बघत बसायचं?"

"पहिल्यांदा आलाय तुम्ही. आज नाय. पुढच्या टायमाला लावा."

'पुढच्या टायमाला' हे शब्द ऐकून ताईंचा चेहरा उजळला. पण मुलगा ऐकेना. त्यानं दगडाची एक बाजू धरली, दाजींनी दुसरी सोडली नाही. आमच्याकडे पाहुण्यानं ताटात टाकलेलं चालत नाही आणि स्वतःचं ताट उचललेलंही चालत नाही. तिथं दगड कोण उचलू देतो? "नाय, नाय, शपथ हाय तुम्हाला." "सर, माझ्या आईला कळलं तर ती काय म्हणेल?" "आन माझ्या पोरीला काय वाटंल?" दगड कधी इकडे, कधी तिकडे, ओढाओढीत दोघं गाडीच्या मागून बाजूला सरकलेले, आणि दोघंही एकमेकांना इतका मान देत होते की त्यांच्यापासून हातभर अंतरावर गाडीनं त्यांची रजा घेतलेली त्यांना कळलंच नाही.

कळलं ते कणीसवाल्या बाईला. "ओ भाऊ," ती शेगडीला वारा घालता घालता ओरडली, "दगड कुनीबी लावा, पर गाडी चाल्ली तुमची!"

गाडी चालली होती खरी. जेवणानंतर शतपावलीला निघाल्यासारखी, मागं मागं, अगदी सावकाश, त्या बाईच्या शेगडीच्या रोखानं. नाक वळवलेलं असल्यानं ती कडेला वळत होती, पण त्या कडेला फुटपाथ नव्हता, कणसांचा ढीग होता. दाजी आणि मुलगा वळून बघत राहिले, दगड दोघांच्या हातांत तसाच. मी कणीस टाकलं आणि जागच्या जागी ओरडलो, त्याचा कोणालाही उपयोग झाला नाही. तेवढ्यात सीताफळांच्या दुकानाच्या ताडपत्रीवर ठेवलेला धोंडा उचलून रेणू धावली. बाजूनं, गाडीच्या मागं न जाता, मागच्या चाकाखाली तिनं तो बरोबर सरकवला आणि हात काढून घेतला. गाडी धोंड्यावर जराशी चढली, कुरकुरली आणि शेगडीच्या अलीकडे बसली. रेणूनं दार उघडलं, पहिला गिअर टाकला, हात झटकले आणि त्या दोघांकडे पाहिलं. "झाला का तुमचा मानपान? का आणखी एक गाडी मागवू?"

दाजी कठड्यावर बसले. चेहरा पांढराफटक पडला होता. जन्मात पहिल्यांदा त्यांची गाडी सरकली होती, तीही दगड हातात असताना. संपलं, असं मला वाटलं. रेणूलाही तसंच वाटलं असावं, कारण आधीच झटकलेले हात ती पुन्हा पुन्हा झटकत राहिली. मुलगा पुढं आला. "चूक माझी आहे, सर. गिअर न टाकता मी उतरायला नको होतं."

दाजींनी मान वर केली. "तुमची कशी? गाडी माझी, हँडब्रेक माझा, दगड माझ्या हातात."

"पण स्टीअरिंगवर मी होतो."

"अहो, तुम्ही पाव्हणे! पाव्हण्याची चूक आसती का कुठं?"

"नाही सर, ही माझीच."

पुन्हा सुरू झालं. आता दगडाच्या जागी चूक होती आणि दोघांपैकी कोणीही ती सोडायला तयार नव्हता. ताई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आता व्हय म्हणून टाका एकदाचं, नायतर दिवस मावळंपर्यंत हे दोघं हेच करत बसतील." दाजींनी दगड डिकीत ठेवला आणि झाकण लावलं. पुढचे कितीतरी दिवस त्यांनी हा विषय काढला नाही, आणि रेणूनंही विचारलं नाही. घरात दोघं एकमेकांना चहा देत, पेपर देत आणि नजर चुकवत. आणि मग एका संध्याकाळी दाजींनी मला फोन करून एवढंच सांगितलं, "साडूभाऊ, मुलगा चांगला हाय. कळवून टाका त्यांला." चुकीवरचं भांडण कामी आलं, असं आम्ही सगळे समजलो.

लग्न सपाट जागेवरच्या कार्यालयात झालं, हे वेगळं सांगायला नको. पाठवणीच्या वेळी सगळे रडले, दाजी तेवढे रडले नाहीत. गाडीच्या ड्रायव्हरला कोणता घाट कोणत्या गिअरनं उतरायचा ते खिडकीत वाकून सांगत राहिले, इतका वेळ की शेवटी ताईंनी त्यांना बाजूला ओढलं.

रेणू सुरतेला गेली आणि दाजी जरा निवले. माणसात बसायचे, पण बोलायचे कमी. रोज संध्याकाळी मात्र तिचा फोन यायचा, आणि तेवढ्यापुरते पूर्वीचे दाजी परत यायचे. गेल्या हिवाळ्यात मी कामानं सुरतेला गेलो आणि तिच्याकडेच उतरलो. संध्याकाळी ती कामावरून आली, पर्स ठेवली आणि वडलांना फोन लावला. "पप्पा, आज लई वाईट जागा मिळाली. नुसता चढ." पलीकडून दाजींचा आवाज खणखणीत आला, "नाक कुठं केलंस?" "रस्त्याकडं." "गिअर?" "पहिला." "दगड?" "लावला पप्पा." मग चांगला अर्धा तास भूगोल झाला, आणि त्यातच जेवलीस का, खोकला गेला का, जावई वेळेवर येतात का, हेही होऊन गेलं. मी गॅलरीत जाऊन खाली पाहिलं. सगळी गल्ली पोळपाटासारखी सपाट. पुढचा रस्ता सपाट, त्याच्या पुढचाही. फोन ठेवल्यावर रेणू माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "त्यांना सांगू नका, काका," ती म्हणाली. "चढ नसला की त्यांना काय बोलावं ते सुचत नाही. बरी आहेस ना, एवढं विचारतात आणि लगेच फोन आईकडं देतात."

परत आल्यावर दाजी मला घरी भेटायला आले. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, मग त्यांनी विचारलं, "तिच्या घराम्होरचा चढ पाहिला का?"

"पाहिला की," मी म्हणालो. "चांगला उभा चढ आहे."

दाजी हसले. "साडूभाऊ, तुम्हाला खोटं बोलायला जमत नाय. तिथं चढ नाय. घाटातल्या त्या दिवसानंतर पैठणला जातो म्हणून घरी सांगितलं आन सुरतेला जाऊन आलो मी. त्या पोराच्या बिल्डिंगीपासून त्याच्या हापिसापर्यंत पायी फिरलो. कुठंच चढ सापडला नाय. म्हणून तर व्हय म्हणालो."

"मग रोज फोनवर एवढं सगळं..."

"तिला कळू देऊ नका," दाजी म्हणाले. "लई मन लावून सांगती ती."

आयुष्यभर या माणसाची टिंगल केली, अजूनही करतो, पण त्या क्षणी मी न विचारताच त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा नीट केला, नाव पाहिलं आणि उठून खिडकीशी गेले. "हां रेणू, बोल बेटा," ते म्हणाले. "आज बी चढावरच लावावी लागली का?"